ढोलाखालची नावं

आमच्या जिल्ह्यात जमिनीच्या पोटातून आवाज येतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा निरखून बघतो, म्हणून मी सांगणं सोडलं आहे. एखाद्या दुपारी लांब कुठं तरी ट्रकमधून दगड ओतावेत तसा दबका गडगडाट होतो, मांडणीतली भांडी थरथरतात, कुत्री उठून उभी राहतात आणि मग जो तो आपापल्या कामाला लागतो. वसमत, औंढा, कळमनुरीकडची माणसं तर बोलता बोलता क्षणभर थांबतात आणि तेच वाक्य पुढं चालू करतात. माझी पंचाईत वेगळी. मी रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो, आणि लोकांच्या कानाला जे कळत नाही ते माझ्या माइकला कळतं.

स्टुडिओ म्हणून फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. हिंगोलीत खताच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, खिडकी विटा लावून बुजवली आहे, आणि खालून येणारा औषधांचा वास मात्र कशानंच बुजत नाही. वीसएक वर्षं मी इथं भजनी मंडळं, लग्नाची गाणी, जयंतीची गाणी, निवडणुकीच्या जीपवरचे प्रचार असं सगळं टिपत आलो. काम मन लावून केलं, पण नीट केलं असं आता म्हणवत नाही.

आमचं घराणं मूळचं देवळातल्या पूजेचं. आजोबा देवाच्या पायाशी जगले, वडील तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये बस्ते बांधत म्हातारे झाले. आमच्या घरात कोऱ्या कागदावर आधी 'श्री' काढल्याशिवाय शाई लागत नसे. वहीवर श्री, पत्रावर श्री, परीक्षेच्या पेपरावर श्री, मग आत काहीही लिहिलेलं असो. मी कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यालाही ही सवय लावली. प्रत्येक नव्या रेकॉर्डिंगचा पहिला ट्रॅक, म्हणजे मुख्य गाणाऱ्याचा गळा, त्याचं नाव 'श्री'. पडद्यावर सगळ्यात वर ते अक्षर दिसलं की भजनातली म्हातारी माणसं हात जोडत आणि माझी कॉलर ताठ होई. वाद्यांच्या ट्रॅकला मात्र मी वाजवणाऱ्याच्या गावाचं नाव देत असे. त्याला कारण होतं. गोरेगावच्या एका ढोलकीवाल्याचा ठेका एकदा चुकून दुसऱ्याच्या गाण्यात गेला, आणि त्यानं भर बाजारात माझ्या नावानं शंख केला होता.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. कॉम्प्युटरमध्ये गाणं एकसंध नसतं. गळा वेगळ्या फाइलमध्ये, ढोल वेगळ्या, झांज वेगळ्या. या सगळ्यांवर प्रोजेक्ट म्हणून एक छोटी फाइल असते, आणि तिच्यात आवाज नसतोच. तिच्यात एवढंच लिहिलेलं असतं की अमुक क्षणाला अमुक नावाची फाइल वाजव. पंगतीत काय काय वाढायचं याची यादी असते ना, तशी. यादी जपली म्हणून कुणाचं पोट भरत नाही. आणि ट्रॅकला जे नाव द्याल तेच नाव कॉम्प्युटर आवाजाच्या फाइलला देतो. म्हणजे माझ्याकडे आलेल्या प्रत्येक गळ्याची पहिली फाइल 'श्री एक' होती. इतकी वर्षं त्यात काही बिघडलं नाही, कारण प्रत्येक गाण्याचं फोल्डर वेगळं होतं.

सहा-सात वर्षांपूर्वी सिद्धेश्वर धरणाकडच्या एका वस्तीवरून एक मेंढपाळ म्हातारा आला. मी त्यांना मामा म्हणत असे, ते मला मास्तर म्हणत. जत्रेत वाटायला आठ मिनिटांचं एक गाणं करायचं म्हणून आले होते. ते झालं, चहा झाला, आणि मग म्हणाले की आता घरची ओवी धरा, सगळी. ही ओवी चंपाषष्ठीला खंडोबापुढं त्यांच्या घरानंच गायची असा रिवाज होता. पोरगं पुण्याकडे कंपनीत लागलं होतं, त्याला ओवीत रस नव्हता. मुलीला होता. ती लहानपणापासून मेंढरांमागं हिंडता हिंडता गुणगुणायची, पण बाईमाणसाला ओवी द्यायची नाही म्हणून मामांनी तिला कधी जवळ बसवलं नाही. हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना नजर चुकवली.

ओवी तोडायची नसते, म्हणून जवळजवळ तीन तास मी रेकॉर्डिंग एकदाही थांबवलं नाही. ढोलाला त्यांचा चुलतभाऊ होता. त्याला मी पलीकडच्या खोलीत बसवणार होतो, पण मामांचं तोंड दिसल्याशिवाय आपला हात चालत नाही असं म्हणून तो हटून बसला. शेवटी दोघं एकाच खोलीत. त्यामुळे मामांचा आवाज थोडा थोडा ढोलाच्या माइकमध्येही शिरत होता, आणि मी काचेमागं दात खात होतो. मध्येच जमीन गुरगुरली. मामा थांबले, तळहात फरशीवर टेकवून बसले, आवाज विरला तशी मागच्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. मला त्या वेळी फक्त एवढंच वाटलं, की हे आता कापत बसावं लागणार.

शेवटच्या भागात नावं होती. त्यांच्या घरातल्या पिढ्यांची, आणि प्रत्येक नावाबरोबर एका पाण्याचं नाव. कुणी झऱ्यावर गेला, कुणी डोहाकाठी, कुणी ओढ्याच्या उताराला. मेंढपाळ माणूस वाटेत जिथं मरतो तिथंच ठेवला जातो, आणि पुढच्यांनी त्या वाटेनं जाताना तिथं थांबायचं. त्यातली बहुतेक ठिकाणं आता धरणाच्या पाण्याखाली आहेत. आणि रिवाज असा, की मेलेल्या माणसाचं नाव उघडं काढायचं नाही. नाव तोंडातून निघालं की त्याच क्षणी ढोलावर पूर्ण ताकदीनं टिपरू पडलं पाहिजे, म्हणजे ते देवाला पोचतं आणि बाकी कुणाच्या कानाला लागत नाही. मागं सूर ओढून झील धरणारे दोघं साथीदार त्या जागी नुसतं 'जी जी' म्हणत. म्हणजे समोर बसून ऐकणाऱ्यालाही त्या जागी फक्त ढोलच ऐकू येई. ज्याला ओवी द्यायची तो तेवढा गाणाऱ्याच्या तोंडाशी कान लावून नावं उचली.

माझ्या यंत्राला रिवाज कुठला? गळ्याच्या माइकमध्ये प्रत्येक नाव बऱ्यापैकी लख्ख आलं होतं. जाताना मामांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मास्तर, नावं नीट ठेवा. माझ्यामागं कुनाला लागली तर तुमच्यापाशीच हायेत." मी म्हणालो, मामा, काळजी सोडा. इतक्या सहज म्हणालो की आज त्या सहजपणाची चीड येते.

पुढचे दोन दिवस मी हेडफोन लावून ढोल बंद केला आणि नुसता त्यांचा गळा ऐकत बसलो. तंबाखूचा गळा. खोकले काढले, आवंढे काढले, फुसफुसणारे श्वास काढले. काम फक्कड झालं. फाइल बंद केली आणि पुढच्या लग्नाच्या गाण्याला लागलो.

मग काही वर्षांनी एका सकाळी आमच्याकडे चांगलाच धक्का बसला. लोक रस्त्यावर आले, शाळा सुटल्या. माझ्या स्टुडिओत रॅकवरची एक हार्डडिस्क खाली पडली आणि कायमची गेली. तिच्यात जाहिरातीच होत्या, पण माझी झोप उडाली. घर पडलं तर बांधता येईल, पण या गळ्यांचं काय? उरलेल्या चार डिस्क जुन्या, त्यातली एक आधीच टकटक करत होती. मी ठरवलं की एक मोठी नवी डिस्क घ्यायची, सगळं एका जागी आणायचं आणि तिची एक प्रत बहिणीकडे नांदेडला ठेवायची. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढचा विचार करून काही करत होतो, आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता.

वडिलांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, जुनं कधी जाळणार? मी म्हणालो, जाळायचं काय त्यात, पुसून पुन्हा वापरायचं. ते म्हणाले की आमच्याकडे नव्या नकलेशी जुना कागद दोघांनी मिळून ताडून बघितल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नसे. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवत जायचं. मी हसलो. हजारो फाइली, कोण बोट ठेवत बसतो. वडील पेपर उचलून वाचू लागले.

आता चूक सांगतो. प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये आवाजांचं एक आतलं फोल्डर असतं आणि त्याचं नाव सगळीकडे एकच असतं. मी नव्या डिस्कवर यादीच्या फाइली एकीकडे ठेवल्या आणि ही आवाजांची फोल्डरं एकावर एक ओढत गेलो, सगळे आवाज एका ठिकाणी असलेले बरे म्हणून. त्या आठवड्यात लाइट सारखी जात होती. नक्कल अर्ध्यावर तुटायची, मी पुन्हा सुरू करायचो, आणि कॉम्प्युटर विचारायचा, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? मला वाटायचं, मघाशी अर्धवट राहिलेलीच ही. दोन-चारदा एकेकाला 'हो' म्हटलं, मग वैतागून 'सगळ्यांसाठी हो' दाबलं आणि खाली चहाला गेलो.

वर आलो तेव्हा काम संपलं होतं. तपासायला म्हणून एक प्रोजेक्ट उघडला, सगळ्यात शेवटी घातलेला. खालच्या खतवाल्यासाठी शेजारधर्म म्हणून केलेली जाहिरात होती ती. अगदी व्यवस्थित वाजली. मग जुन्या चारही डिस्क पुसल्या. दोन लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या मित्राला दिल्या, दोन स्वतः वापरायला घेतल्या. त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते.

गेल्याच्या आदल्या श्रावणात मामा पुन्हा आले. जिना चढून वर आले आणि दारातच थांबले. गळ्याभोवती गमछा गुंडाळलेला होता. बरोबर मुलगी होती, पस्तिशीची, सासरहून बापाजवळ येऊन राहिलेली. तिनं सांगितलं की गाठ झाली होती, ऑपरेशन करून आवाजाची पेटीच काढली, आता बोलता येत नाही. मी मामांकडे बघितलं तर त्यांनी गमछा थोडा बाजूला करून मला ते भोक दाखवलं, जखम दाखवावी तसं नाही, वस्तू दाखवावी तसं. आणि मग बोटानं माझ्या कॉम्प्युटरकडे खूण केली.

मुलीनं पुढचं सांगितलं. मामांनी आता तिला ओवी द्यायचं कबूल केलं होतं. गळा गेल्यावर रिवाज सैल झाला असावा, मी विचारलं नाही. नावांच्या आधीची ओवी तिनं बापाच्या तोंडून ऐकत ऐकत बरीच उचलली होती. पण नावं तिला येत नव्हती. आजा-पणजाची दोन-तीन माहीत, त्यामागची कुणालाच नाही. पुण्यातल्या भावाला नाही, झील धरणाऱ्यांना तर नाहीच, आणि ढोल वाजवणारा चुलता मधल्या काळात वारला होता. तिला ढोलाशिवायचा नुसता गळा पाहिजे होता. चंपाषष्ठीला चार महिने होते. बाप समोर बसून चूक-बरोबर सांगायला आहे तोवर शिकून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, एवढंच ना, ताई. खुर्ची पुढं ओढली, मामांना बसवलं, तिच्या कानाला हेडफोन लावला आणि खोलीतल्या स्पीकरवरही आवाज सोडला. प्रोजेक्ट उघडला. वर 'श्री' दिसला. ढोल सुरू झाला, झांज आली, मामांचा तळहात मांडीवर हलू लागला. नमनाची जागा आली आणि स्पीकरमधून माझ्या ओळखीचा एक तुकतुकीत आवाज म्हणाला, "शेतकरी बांधवांनो, आता आपल्या हिंगोलीत..."

मुलगी हसली. मामाही हसले, म्हणजे त्यांचे खांदे हलले. मीही हसलो आणि म्हणालो, चुकीचं बटण दाबलं गेलं. शेजारचा दुसरा प्रोजेक्ट उघडला, एका भजनी मंडळाचा. पेटी, टाळ, आणि मग शेतकरी बांधवांनो. तिसरा, डोंगरकडा गावच्या एका आजीच्या ओव्या. जात्याची घरघर, आणि शेतकरी बांधवांनो. तीस सेकंदांची ती जाहिरात संपली की पुढं सगळी पट्टी रिकामी होती. मामांच्या गाण्यात पुढं तीन तास नुसता ढोल.

त्यांना मी खोटं सांगितलं. डिस्क गरम झाली आहे, आठ दिवसांनी या म्हणालो. मामांनी माझ्याकडे बघितलं. त्या माणसानं साठ वर्षं मेंढरं राखली होती, कुठलं आजारी आहे हे त्यांना लांबून कळत असणार. पण ते उठले, हात जोडले आणि जिना उतरले.

ते आठ दिवस मला अजून आठवतात. एकेक करून मी सगळे प्रोजेक्ट उघडले. मेलेल्या माणसांची गाणी, मोडलेल्या मंडळांची गाणी, गाव सोडून गेलेल्या पोरींची गाणी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच खत. बहिणीकडची प्रत याच डिस्कवरून काढलेली, तिच्यातही तेच. मित्राकडे धावलो, तर त्याच्या डिस्कवर तीन तिथींची लग्नं भरून बसली होती. माझ्या दोन डिस्क मी स्वतःच भरल्या होत्या. त्या घेऊन नांदेडला गेलो, हरवलेला डेटा काढून देणाऱ्याकडे. त्यानं दोन दिवस ठेवून घेतल्या आणि एकावर एक लिहिल्यावर खालचं राहत नसतं असं मला समजावून सांगितलं. वडिलांना सांगितलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, देवाचं नाव ठेवायचं तर ठेवावं, पण खाली नंबर घालावा. मी विचारलं, जुन्या सरकारी कागदांत त्या घराची नावं सापडतील का? ते म्हणाले, ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचं नाव आमच्या बस्त्यात कुठून येणार.

नवव्या दिवशी मीच सिद्धेश्वरला गेलो. वस्तीवर मामा बाजेवर बसले होते, मुलगी कोकरांना पाला टाकत होती. मी सगळं खरं सांगितलं, श्रीपासून चहापर्यंत. मामांनी मान खाली घातली. मुलगी हातातला पाला तसाच धरून उभी राहिली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पन तुमी आयकली होती ना, भाऊ? नुसता गळा लावून दोन दिवस आयकत बसला होता म्हून तुमीच सांगितलं. उघडी नावं आयकलेला दुसरा कोनी न्हाई. आठवा की."

मी आठवायचा प्रयत्न केला. तिथं उभ्या उभ्या, डोळे मिटून. मला त्यांचा खोकला आठवला. कुठल्या मिनिटाला श्वास फाटला होता तेही आठवलं. एका नावाच्या आधी ओठ चिकटल्याचा बारीक आवाज होता, तो मी फार हुशारीनं काढला होता, तो आठवला. नाव एकही आठवलं नाही. दोन दिवस मी त्या माणसाचा गळा कानाशी धरून बसलो होतो आणि तो काय म्हणतोय ते ऐकलंच नव्हतं. मला लाज वाटली.

मग ढोलाच्या माइकचं सुचलं. ढोलाच्या फाइलला मी गावाचं नाव दिलं होतं, ती शाबूत होती, आणि तिच्यात मामांचा आवाज लांबून शिरलेला होता. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि दोन हेडफोन घेऊन मी पुन्हा गेलो. ओवी होती. विहिरीतून कुणी बोलावं तशी होती, पण होती. मुलीनं तोंडावर हात धरला. दोन टोल्यांच्या मधले शब्द लागत होते, पाण्यांची नावंही बरीचशी लागत होती. आणि माणसाच्या नावाच्या जागी, नेमका त्याच क्षणी, ढोल. मी मला येत होतं नव्हतं ते सगळं करून बघितलं. टोला हलका केला की त्याच्याबरोबर नावही जाई. त्यांच्या वाडवडिलांनी झाकण नीटच घातलं होतं.

मग मामांनीच हातानं खुणावलं. मुलीला समोर बसवलं, ढोल मागवला, आणि नावाची जागा आली की ते ओठ हलवत. ती ओठांकडे बघे. पण नाव उघडं काढायचं नाही हे त्यांच्या हाडात इतकं मुरलेलं, की ओठ हलवतानाही ते हाताच्या खुणेनं वस्तीवरच्या कुणाला तरी ढोल वाजवायला लावत, आणि टोल्याबरोबर त्यांची मान झटका खाई. ती अंदाजानं एक नाव म्हणे, ते मान हलवत. नाही. पुन्हा. नाही. पुन्हा. गमछ्याआडून हवेचा फसफस आवाज येई आणि दोघं घामाघूम होत. एका नावाला कधी कधी अख्खी सकाळ जाई. लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांना. मी बाराखडीचा तक्ता नेला, मुलगी बोट ठेवत गेली, त्यांनी एकदा तक्त्याकडे बघितलं आणि बाजूला सारला.

मी आठवड्यातून दोनदा जात होतो. भाद्रपदात दोन नावं मिळाली, आश्विनात तीन. ओवीत सगळी मिळून सतरा-अठरा असावीत. दर वेळी जाताना मला वाटे की आज पोचायच्या आत काही तरी झालेलं असेल. दसऱ्यानंतर एकदा जमीन गुरगुरली, मामांनी सवयीनं तळहात टेकवला आणि तो उचलताना त्यांचा तोल गेला. दिवाळीच्या सुमारास त्यांना दवाखान्यात नेलं. मुलगी तिथंही त्यांच्या ओठांकडे बघत बसली होती. ढोल नव्हता, म्हणून ते ओठ उघडत नव्हते. तिनं कॉटच्या लोखंडावर वाटीनं टोला देऊन बघितला, नर्सनं येऊन दम दिला. कार्तिकात ते गेले.

त्या चंपाषष्ठीला तिनं ओवी गायली. दुपारी, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायच्या आधी. बाई गाते म्हणून काही म्हातारे उठून गेले, बाकीचे बसले. मिळालेली नावं तिनं ढोलाखाली घेतली. न मिळालेल्या जागी ती तोंड मिटून थांबली आणि ढोलकऱ्यानं नुसता टोला दिला. तिथं कुणालाही कळलं नसतं की टोल्याखाली नाव आहे की नाही. मला कळत होतं. मी गर्दीत मागं उभा राहून रडलो. नंतर तिला म्हणालो, ताई, मिळालेली तरी ढोलाशिवाय एकदा माझ्याकडे म्हणून ठेवा, या वेळी मी नीट ठेवीन. ती सावकाश म्हणाली, "न्हाई भाऊ. आता ढोलाशिवाय न्हाई."

गेल्या चंपाषष्ठीला मी पुन्हा गेलो. परवानगी घेऊन माइक लावला, एकच, देवळाच्या खांबाला. ढोलावर आता तिच्या नात्यातला एक नवा माणूस होता, चांगला वाजवणारा. रिकाम्या जागी तो एक टोला देऊन थांबला नाही. त्यानं तिथं चार टोल्यांचा एक सुंदर तुकडा बसवला होता, आणि झील धरणाऱ्यांनी त्या चार टोल्यांवर माना खाली घातल्या, सगळ्यांनी एकदम, शिकवल्यासारख्या. समोर बसलेल्या बायकांनीही हात जोडले. पुढच्या रिकाम्या जागी पुन्हा तेच. मुलगी गाता गाता एकदा माझ्याकडे बघून गेली.

जेवताना मी त्या ढोलकऱ्याशेजारी बसलो आणि विचारलं की मधे मधे तुम्ही सगळे गप्प का होता. तो भरीत कालवत म्हणाला, "तिथं गपच बसावं लागतं. देवाची जागा हाय ती." मी विचारलं, कुणी सांगितलं? "कोन सांगंल? ओवीच तशी हाय पयल्यापसून."

मला त्याला सांगायचं होतं की पहिल्यापासून तशी नाही, तिथं माणसं होती, आणि ती मी पुसली. पण तो पुढं विचारणार, कोण माणसं? मी ताटाकडे बघत जेवलो. घरी येऊन रेकॉर्डिंगला गाव, तिथी आणि नंबर घातला, वडिलांना बोट ठेवायला बसवलं आणि तीन ठिकाणी तीन प्रती ठेवल्या. आवाज फार स्वच्छ आला आहे. त्या चार टोल्यांमागं कुणीही काहीही म्हणत नाही, हे अगदी स्पष्ट ऐकू येतं.